अडलेल्या यंत्राची खबर

मंडळी, आजची गोष्ट मातीच्या एका पुडीपासून सुरू होते. साल १९४९. फिलिपीन्स देशातल्या पनाय बेटावर इलोइलो नावाचा प्रांत आहे. तिथले एक डॉक्टर, आबेलार्दो आगिलार, यांनी आपल्या भागातली थोडी माती अमेरिकेतल्या एली लिली या औषध कंपनीकडे धाडली. माती धाडण्यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण तो काळच तसा होता. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूपासून निघाल्याला पाच-सहाच वर्षे झाली होती, आणि आणखी कुठल्या मातीत काय दडले आहे, याचा शोध जगभर चालला होता. इलोइलोच्या मातीत एक जंतू सापडला. त्याच्यापासून काढलेल्या औषधाची हकिकत मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली छापली. औषधाचे नाव एरिथ्रोमायसिन. बाजारात मात्र ते 'इलोटायसिन' म्हणून आले. इलोइलोची तेवढी आठवण बाटलीवर राहिली.

हे औषध चाले मुख्यतः पू करणाऱ्या जंतूंवर. गळू, केसतूड, काळपुळी यांच्या मुळाशी बहुधा एकच जंतू असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो, म्हणून त्याला ग्रीक भाषेवरून स्टॅफिलोकॉकस म्हणतात. आमची आजी केसतुडावर भाजलेल्या कांद्याचे पोटीस बांधी, आणि आठ-दहा दिवसांत ते बहुतेक वेळा फुटून बरे होई. पण हाच जंतू रक्तात उतरला, हाडात किंवा फुप्फुसात जाऊन बसला, तर कांद्याचे काही चालत नाही. पेनिसिलिनचे चालत असे. परंतु १९५० च्या सुमारास इस्पितळांतले पुष्कळसे स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनलाही दाद देईनासे झाले होते. अशा वेळी एरिथ्रोमायसिन हाती आले. डॉक्टरांना केवढा धीर आला असेल! तो धीर फार दिवस टिकला नाही. जिथे हे औषध सर्रास वापरले जाऊ लागले तिथे त्यालाही न जुमानणारे जंतू लवकरच दिसू लागले.

जंतू औषधाला सरावतात, असे आपण बोलण्यात म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. लाखो-करोडोंतला एखादा जंतू मुळातच वेगळा असतो. औषधाने बाकीचे मरतात आणि त्याचा वंश माजतो. सराव कुणाचाच झालेला नसतो. पण आपल्या या स्टॅफिलोकॉकसाची तऱ्हा निराळी निघाली. पॅरिसमध्ये शाबेर यांनी १९५६ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. एरिथ्रोमायसिन आणि त्याचेच भावंड असलेले स्पायरामायसिन ही दोन औषधे काही जंतूंवर एकत्र वापरली, तर एक दुसऱ्याला मदत करण्याऐवजी त्याचा घात करते. नुसते स्पायरामायसिन दिले तर जंतू मरतात. शेजारी एरिथ्रोमायसिन असले तर तेच जंतू त्याच स्पायरामायसिनमध्ये खुशाल वाढतात! पुढच्याच वर्षी इंग्लंडात गॅरड यांनीही अशाच जंतूंचे वर्णन केले.

म्हणजे या जंतूंजवळ ढाल आहे, पण ती ते नेहमी अंगावर बाळगत नाहीत. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की उचलतात, आणि एकदा उचलली की ती इतर दोन-चार औषधांनाही अडवते. याला सराव म्हणायला हरकत नाही. फक्त तो पिढ्यान्‌पिढ्यांचा नसून घटका-दोन घटकांचा आहे.

ही ढाल कसली, हे शोधण्याचा नाद अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बर्नार्ड वाइसब्लम यांनी घेतला. पण त्यांनी काय शोधले हे सांगण्याआधी मला तुम्हांला स्वयंपाकघरात न्यावे लागेल.

शेव पाडायचा सोऱ्या तुम्ही पाहिला आहे. वरून पीठ भरायचे, दाबायचे, खालच्या भोकांतून शेव बाहेर येते. प्रत्येक जिवंत पेशीत असे हजारो अतिसूक्ष्म सोऱ्ये असतात. रॉकफेलर संस्थेतल्या जॉर्ज पलाडे यांनी १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या बारीक कणांचे वर्णन केले, आणि १९५८ साली त्यांना रायबोसोम हे नाव मिळाले. त्यांचे काम प्रथिने करण्याचे. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, अंडे आठवते. पण पेशीच्या दृष्टीने प्रथिन म्हणजे तिचा कामकरी: कुणी अन्न पचवतो, कुणी भिंत बांधतो, कुणी माल बाहेर नेतो. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या कड्या एकापुढे एक जोडून त्याची साखळी होते. कुठल्या कडीपुढे कुठली, याची चिठ्ठी जनुकाकडून येते. त्या चिठ्ठीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. रायबोसोम चिठ्ठीवरून चालत जातो, तीन-तीन अक्षरे वाचतो आणि कडीला कडी जोडतो. जोमाने वाढणाऱ्या जंतूत हे काम सेकंदाला पंधरा-वीस कड्यांच्या वेगाने चालते. तयार होणारी साखळी रायबोसोमच्या पोटातल्या एका बोगद्यातून बाहेर येते. या बोगद्याची लांबी किती? एका मिलिमीटरचे एक लाख भाग करा, त्यांतला एक भाग.

एरिथ्रोमायसिन नेमके या बोगद्यात, तोंडाशीच, जाऊन बसते. सोऱ्याच्या भोकात न भिजलेली डाळ अडकावी तसे. साखळी थोडी पुढे येते आणि अडते. आपल्या पेशींतले रायबोसोम थोडे वेगळ्या घडणीचे असल्यामुळे त्यांत हे औषध असे बसत नाही, आणि म्हणून ते आपल्याला चालते.

आता वाइसब्लम यांच्याकडे परत जाऊ. लाय आणि वाइसब्लम यांनी १९७१ साली दाखवले की ढाल उचलणारा जंतू औषधाला हातही लावत नाही. तो ते मोडत नाही, बाहेरही फेकत नाही. तो आपल्या रायबोसोममध्येच बदल करतो. रायबोसोमच्या अंगात आरएनएची एक लांब माळ असते, सुमारे २९०० मण्यांची. त्यांतल्या ॲडेनिन जातीच्या एका मण्यावर हा जंतू मेथिल नावाचे दोन चिमुकले गट चिकटवतो. काम एवढेच. पण तो मणी नेमका औषधाच्या बैठकीत असतो, त्यामुळे औषधाला टेकायला जागा उरत नाही. हे गट चिकटवणारा कामकरी म्हणजेही एक प्रथिनच. त्याला आपण 'चिकटव्या' म्हणू. पुढे असे दिसून आले की इलोइलोच्या मातीतला तो मूळ जंतू, जो हे औषध तयार करतो, तोही स्वतःच्या औषधाने मरू नये म्हणून हीच युक्ती योजतो. विष विकणाऱ्याने घरात उतारा ठेवावा, तसे.

ढाल समजली. पण जंतूला खबर कोण देतो? त्याला डोळे नाहीत, नाक नाही. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली जनुकांवर बसणाऱ्या पहारेकऱ्याची कल्पना मांडली होती: एक खास प्रथिन जनुक दाबून धरते, आणि ठराविक पदार्थ येऊन भिडला की बाजूला होते. तसाच एखादा पहारेकरी इथे असेल, असे वाटणे साहजिक होते. तसा कोणी नव्हता.

उत्तराची वाट दुसरीकडूनच निघाली. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर काम करीत होते. हा जंतू ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल स्वतः तयार करतो. (मक्यात जे कमी पडते ते हेच.) बाहेरून ट्रिप्टोफॅन मिळत असेल तर आपला कारखाना बंद ठेवतो, न मिळाले तर चालू करतो. जनुकाच्या सुरुवातीचा एक तुकडा कापून टाकला तर कारखाना जास्तच चालतो, हे यानोफ्स्कींच्या प्रयोगशाळेत १९७३ साली दिसले. तेव्हा त्या तुकड्यात काहीतरी लगाम असला पाहिजे. वाचून पाहता त्यात अवघ्या चौदा कड्यांच्या एका साखळीचा मजकूर निघाला, आणि त्यात ट्रिप्टोफॅनच्या दोन कड्या लागोपाठ! ट्रिप्टोफॅन ही एरवी विरळा लागणारी कडी. दोन शेजारी-शेजारी म्हणजे नक्कीच कुणीतरी मुद्दाम घातलेली परीक्षा. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोसोम ती परीक्षा झटकन ओलांडतो. तुटवडा असेल तर तिथे तटून बसतो. त्या तटून बसण्यानेच चिठ्ठीची घडी बदलते आणि कारखान्याचे दार उघडते. त्या छोट्या साखळीचा पेशीला दुसरा काही उपयोग नाही. ती पाहणी करण्यापुरतीच तयार व्हायची.

मला या शोधाचे फार कौतुक वाटते. यंत्र अडले की आपण म्हणतो, बिघाड झाला. जंतूने त्या अडण्यालाच निरोप करून घेतले आहे.

आता १९८० साल. होरिनौची आणि वाइसब्लम यांनी विस्कॉन्सिनात, तर डेव्हिड दुबनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये, एकाच वर्षी एरिथ्रोमायसिनच्या ढालीचे कोडे उलगडले. ढालीचे जनुक होते स्टॅफिलोकॉकसात सापडलेल्या, सुमारे ३,७०० अक्षरांच्या डीएनएच्या एका छोट्या कड्यावर. अशी कडी एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. तर या जनुकाच्या चिठ्ठीतही चिकटव्याच्या मजकुराआधी एका लहान साखळीचा मजकूर आहे. एकोणीस कड्यांचा.

पुढची गोष्ट गुरुजींनी वर्गात करून दाखवावी. चार मुलांना ओळीने उभे करा. समजा, हे चौघे म्हणजे चिठ्ठीचे चार भाग. पहिला दुसऱ्याचा हात धरतो, तिसरा चौथ्याचा. चौथ्याच्या मुठीत किल्ली आहे, म्हणजे 'चिकटव्याचा मजकूर इथून वाचा' ही खूण. पण तिसऱ्याने त्याचा हात घट्ट धरल्यामुळे मूठ उघडत नाही, किल्ली कुणाला दिसत नाही. औषध नसताना चिठ्ठी अशी मिटलेली असते. रायबोसोम येतो, पहिल्या भागावरची छोटी साखळी वाचतो आणि निघून जातो. त्याच्या पाठीमागे मुले पुन्हा पूर्वीसारखे हात धरतात. आता एक दांडगा मुलगा पाठवा, रायबोसोम म्हणून, आणि त्याला पहिल्याला कवळा घालून तिथेच थांबायला सांगा. पोटात एरिथ्रोमायसिन अडकलेल्या रायबोसोमचे हेच होते. तो मध्येच अडतो आणि पहिला भाग त्याच्या अंगाखाली जातो. दुसऱ्याचा हात मोकळा पडला. त्याचे तिसऱ्याशीही जुळते. तो तिसऱ्याचा हात धरतो. तिसऱ्याने साहजिकच चौथ्याला सोडले, चौथ्याची मूठ उघडली आणि किल्ली दिसली. दुसरा एखादा रायबोसोम येतो, खूण पाहतो आणि चिकटव्या तयार करू लागतो.

इथे चौकस मुलगा विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: औषधाने रायबोसोम अडतात, तर मग चिकटव्या तयार करायला मोकळा रायबोसोम राहिला कुठे? हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. औषध भरपूर असेल आणि एकदम आले, तर बहुतेक सगळे रायबोसोम एका दमात अडतात. किल्ली दिसते, पण उचलायला कुणी नसते. औषध थोडे असेल, म्हणजे काही रायबोसोम अडले आणि बाकीचे मोकळे, असे असेल तर मात्र जंतूची चंगळ. अडलेला रायबोसोम दार उघडतो, मोकळा रायबोसोम चिकटव्या करतो, चिकटव्या नवे रायबोसोम बिनधोक करतो. मग मोठी मात्रा आली तरी ती उशिरा आलेली असते. आणि बिनधोक रायबोसोम वाढले की कुणी अडत नाही. अडत नाही म्हणून चिठ्ठी पुन्हा मिटते आणि चिकटव्याचे काम आपोआप मंदावते. पहारेकरी ठेवायची गरजच काय? औषधाची शिकार तोच जंतूचा जासूद.

१९८० च्या या उलगड्यात एक फट राहून गेली होती. बोगद्यात डाळ अडकली की शेव अडणारच, असे तेव्हा सर्वांनी धरून चालले. पण शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात नोरा वास्केस-लास्लोप आणि अलेक्झांडर मॅन्किन यांनी २००८ साली दाखवले की गोष्ट इतकी सोपी नाही. रायबोसोम अडतो तो नेमका नवव्या कडीपाशी, आणि त्या नऊ कड्यांतल्या शेवटच्या चार कोणत्या आहेत, यावर त्याचे अडणे ठरते. त्या बदलल्या तर बोगद्यात औषध असूनही तो तिथे तसा अडत नाही. पुढे २०१२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून असेही कळले की औषध बसलेल्या रायबोसोममधून काही साखळ्या औषधाच्या कडेने वाट काढून पूर्ण बाहेर पडतात. म्हणजे औषध हे बूच नव्हे. ते बोगद्यातल्या साखळीशी मिळून रायबोसोमच्या जोडणीच्या जागेला असे काही ढुसते की त्या जागेला पुढची कडी जोडताच येत नाही.

हे बोलणे नुसत्या तर्काचे नाही. २००० साली रायबोसोमची अणू-अणू दाखवणारी चित्रे निघू लागली, आणि त्या कामाबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना मिळाले. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, आणि शिक्षण बडोद्याचे. एरिथ्रोमायसिन बोगद्याच्या तोंडाशी बसलेले योनाथ यांच्या गटाने २००१ साली चित्रात पकडले. अडलेला रायबोसोम, आत औषध, आणि औषधाला बिलगलेली ती छोटी साखळी, असे तिघांचे एकत्र चित्र जर्मनीत डॅनिएल विल्सन यांच्या गटाने २०१४ साली छापले. शाबेर यांच्या नोंदीला तोवर अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

जाता जाता एक सांगतो. अडण्यासाठी दर वेळी औषधच लागते असे नाही. जपानात क्योतो विद्यापीठात कोरेआकी इतो आणि हितोशी नाकातोगावा यांनी ई. कोलायमधली सेकएम नावाची एक साखळी अभ्यासली. ती तयार होता होता शेवटाजवळ आपल्याच अंगाने बोगद्यात रुतून बसते. माल बाहेर नेणारे यंत्र धडपणे चालू असेल तर ते साखळीचे पुढचे टोक धरून ओढते आणि रुतलेली साखळी सुटते. विहिरीत गुंतलेला नाडा बैलांच्या हिसड्याने सुटावा तशी. ते यंत्र मंदावले असेल तर साखळी रुतलेलीच राहते. त्यामुळे चिठ्ठीची घडी उघडते आणि ते यंत्रच अधिक तयार होऊ लागते. त्यांचा २००२ सालचा निबंध याच बोगद्याविषयी आहे.

मग प्रश्न पडतो की एवढी चांगली ढाल, तर जंतू ती कायम अंगावर का ठेवत नाही? कारण ती फुकट नाही. मेथिल चिकटवलेला रायबोसोम औषधातून वाचतो, पण त्याच्या कामात खोट येते; काही प्रथिने कमी निघतात, काही जास्त. मॅन्किन यांच्या प्रयोगशाळेने हे २०१३ साली मोजून दाखवले. औषध नसलेल्या दिवसांत अशा जंतूला बिनढालीचा शेजारी मागे टाकतो. पावसाची खोळ उन्हाळ्यात पांघरून नांगर धरण्यासारखेच ते.

इस्पितळात मात्र एखादा जंतू ती खोळ कायमची शिवून घेतो. क्लिंडामायसिन नावाचे एक औषध आहे. ते या जातीच्या जंतूंत मिटलेली चिठ्ठी उघडत नाही, म्हणून नुसत्या क्लिंडामायसिनच्या तपासणीत जंतू मरताना दिसतात आणि डॉक्टर खुशाल ते सुरू करतात. पण रोग्याच्या अंगातल्या कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या चिठ्ठीचा सुरुवातीचा तुकडा गळलेला किंवा बिघडलेला असतो. तिसऱ्याला चौथ्याचा हात सापडतच नाही. किल्ली सदा उघडी. बाकीचे जंतू मरतात, हा उरतो, वाढतो, आणि बरा होत आलेला रोगी पुन्हा तापाने फणफणतो.

हे आधी कळावे म्हणून एक साधी तपासणी करतात. रोग्याच्या जखमेतले जंतू बशीतल्या खळीसारख्या पोषक थरावर पसरतात. त्यावर औषधात भिजवलेल्या दोन कागदी चकत्या ठेवतात, एक एरिथ्रोमायसिनची, दुसरी क्लिंडामायसिनची, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. बशी रात्रभर उबेत राहते. क्लिंडामायसिनच्या चकतीभोवती जंतू मेल्यामुळे स्वच्छ गोल वर्तुळ उमटते. पण एरिथ्रोमायसिनच्या बाजूच्या जंतूंना त्याची चाहूल लागून त्यांनी ढाल उचललेली असेल, तर ते त्या अंगाने आत घुसून वाढतात. वर्तुळ तिथे चपटे होते आणि इंग्रजी 'डी' अक्षरासारखे दिसते. सकाळी तंत्रज्ञ बशी उजेडासमोर धरतो आणि आधी तेवढी एक कड पाहतो.